कुमारी मार्गारेट मॅकमिलन

शाळेची जागा कोणाची, असा प्रश्न कोणी केला तर आपण सहज उत्तर देऊं कीं, शाळेंत शिकणाऱ्या मुलांची. ज्याचें नांव हजेरीपटावर आहे त्यानें फाटकाच्या आंत यावें, ज्याचें नाहीं त्यानें बाहेर थांबावें, हा नियम इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याविषयीं दुसरा कांहीं विचार करण्यासारखा आहे असें कोणास वाटतहि नाहीं. परंतु जिचें बोट धरून तिचा तीन वर्षांचा भाऊ फाटकापर्यंत आला आहे त्या मुलीनें काय करावें? त्याला रस्त्यावर सोडावें, कीं आपणच घरीं परतावें? आणि जिला पहांटे उठून गिरणीची वाट धरावी लागते त्या आईनें आपलें मूल दिवसभर कोणाच्या स्वाधीन करावें? ह्या प्रश्नांचें उत्तर शोधण्यांत जिनें आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्या कुमारी मार्गारेट मॅकमिलन ह्यांचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांइतकेंच तें त्यांच्या आईबापांनींहि वाचावें अशी इच्छा आहे.

मार्गारेटचा जन्म २० जुलै १८६० रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत, वेस्टचेस्टर परगण्यांत झाला. तिचे आईबाप मूळचे स्कॉटलंडचे. इन्व्हर्नेसकडून ते समुद्रापार जाऊन राहिले होते. थोरली मुलगी रेचल. तिचा जन्म २५ मार्च १८५९ चा. दुसरी मार्गारेट आणि तिसरी एलिझाबेथ नांवाची तान्ही मुलगी. संसार सुखानें चालला असतां १८६५ सालीं घरांत रोग शिरला आणि थोड्याच अवधींत बाप व तान्हें मूल हीं दोघेंहि गेलीं. स्कार्लेट ज्वरांतून मार्गारेट वांचली, पण तिची श्रवणशक्ति गेली. ती चवदा वर्षांची होईपर्यंत तिला ऐकूं येत नव्हतें. पुढें ती शक्ति परत आली. ज्या मुलीनें लहानपणचीं इतकीं वर्षें माणसांचे शब्द न ऐकतां केवळ त्यांचे चेहरे पाहून काढलीं, तिला ज्यांना आपलें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं अशा बालकांचें दुःख इतरांच्या आधीं दिसावें, ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

विधवा आई दोन्ही मुलींना घेऊन इन्व्हर्नेसला आपल्या आईबापांकडे परतली. १८७७ सालीं तीहि वारली. रेचल आजारी आजीच्या शुश्रूषेसाठीं घरीं राहिली, आणि मार्गारेटनें श्रीमंतांच्या घरीं राहून मुलांस शिकविण्याचा पेशा पत्करला. त्यासाठीं फ्रँकफुर्ट, जिनीव्हा, लोझान अशा शहरीं राहून तिनें संगीताचा व परकीय भाषांचा अभ्यास केला. १८८८ सालीं आजी निवर्तल्यावर दोघी बहिणी लंडनमध्यें एकत्र आल्या. गरिबांच्या कैवाराचे जे समाजसत्तावादी विचार त्या काळीं तेथें पसरूं लागले होते त्यांची गोडी प्रथम रेचलला लागली, व तिनें ती धाकटीला लावली. १८८९ सालच्या गोदी कामगारांच्या मोठ्या संपांत दोघींनींहि मदत केली. ह्याच सुमारास लेडी म्यूक्स नांवाच्या एका धनाढ्य बाईनें मार्गारेटला आपल्याजवळ ठेवून घेतलें व तिनें रंगभूमीवर नांव काढावें म्हणून तिला आवाजाचें शिक्षण देवविलें. परंतु मजुरांच्या सभांतून भाषणें करणारी ही मुलगी त्या वाड्यांत फार दिवस टिकणें शक्य नव्हतें. त्या दोघींचें बिनसलें. नाटकाला एक नटी मिळाली नाहीं. पण शिकून तयार झालेला तो आवाज पुढें तीस-पस्तीस वर्षें सभागृहें गाजवीत राहिला, तेव्हां लेडीसाहेबांचा पैसा वायां गेला असें म्हणवत नाहीं.

१८९३ सालीं दोघी बहिणी यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड ह्या गांवीं आल्या. ब्रॅडफर्ड म्हणजे लोंकरीच्या गिरण्यांचें माहेरघर. धुराडीं, काजळीनें काळे पडलेले दगड आणि पाठीला पाठ लावून उभीं असलेलीं मजुरांचीं घरें. तेथें ‘अर्धवेळे’ म्हणून एक वर्ग होता, तो मुलांचा. अकरा वर्षांचें मूल सकाळीं गिरणींत काम करी व दुपारीं शाळेंत बसे. दुसऱ्या आठवड्यांत सकाळीं शाळा व दुपारीं गिरणी. दुपारच्या पाळीचीं मुलें बांकावर डोकें टेकून झोंपीं जात. शिक्षकानें त्यांना उठवावें कीं झोंपूं द्यावें?

१८९४ सालीं मार्गारेटबाई ब्रॅडफर्डच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. हीं स्कूल बोर्डें १८७० च्या शिक्षणाच्या कायद्यानें निघालीं होतीं, आणि तो कायदा मांडणारे फॉर्स्टरसाहेब हे पार्लमेंटांतील ब्रॅडफर्डचेच प्रतिनिधि होते. स्त्रियांना इतर पुष्कळ ठिकाणीं मज्जाव असला तरी स्कूल बोर्डावर त्यांना निवडून येतां येई. पुढें १८८० सालीं पांच वर्षांपासून शाळेंत जाणें सर्वत्र सक्तीचें झालें. ह्या सक्तीचा एक परिणाम असा झाला कीं, तो कायदा करणाऱ्यांच्याहि ध्यानीं आला नसेल. तोंपर्यंत गरिबांचीं मुलें आपापल्या अंधाऱ्या खोल्यांत विखुरलेलीं होतीं. त्यांची दशा कोणी पाहिली नव्हती. आतां सरकारनें त्यांना पकडून आणून एका छपराखालीं, उजेडांत, रांगेनें बसविलें. तेव्हां प्रथमच दिसून आलें कीं, कोणाच्या पायाचीं हाडें मुडदुसानें वाकलीं आहेत, कोणाचे कान वाहत आहेत, कोणाच्या डोक्यांत उवा व अंगावर खरूज आहे, आणि पुष्कळांच्या पोटांत सकाळपासून अन्नाचा कण नाहीं. कित्येक मुलांना थंडी सुरू होतांच कपड्यांत शिवून टाकीत. ते कपडे वसंत ऋतूपर्यंत अंगावरून निघत नसत. अशा मुलांपुढें फळ्यावर अक्षरें काढण्यांत काय अर्थ, असा प्रश्न बाईंना पडला.

पहिली झुंज झाली ती पाण्यावरून. शाळेंतच मुलांसाठीं न्हाणीघर बांधावें असा त्यांचा आग्रह. शाळा ही शिकण्याची जागा, धुण्याची नव्हे. आंघोळ घालणें हें आईचें काम. करदात्यांचा पैसा त्यासाठीं नाहीं, अशा विचारांचे लोक कांहीं थोडे नव्हते. ह्या आक्षेपांस उत्तर एकच होतें, आणि तें बाई पुनःपुन्हां देत राहिल्या: ज्या घरांत नळ नाहीं, पाणी तापवायला जळण नाहीं, आणि आई दिवसभर गिरणींत आहे, तेथें आईच्या कर्तव्याची आठवण करून देऊन मूल स्वच्छ होत नाहीं. अखेर १८९७ सालीं वॉपिंग रोडवरील शाळेंत न्हाणीघर उघडलें. इंग्लंडमध्यें शाळेच्या इमारतींत असें न्हाणीघर हें पहिलेंच. तेथील शाळांचे डॉक्टर जेम्स कर ह्यांच्यासह बाईंनीं मुलांच्या वैद्यकीय तपासणीचेंहि काम हातीं घेतलें. त्या देशांत शाळेंतील मुलांची जी पहिली तपासणी नोंदली गेली आहे तिच्यांत ब्रॅडफर्डची गणना होते.

येथें पांच वर्षांखालील मुलांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या विषयाचें मर्म तेथें आहे. सक्ती पांचव्या वर्षापासून. पण त्याहून लहान मुलें शाळेंत येऊं नयेत असा कोठेंहि निर्बंध नव्हता. कामावर जाणाऱ्या आया त्यांना थोरल्या बहिणीच्या सोबत सरळ शाळेंत पाठवूं लागल्या. १९०० च्या सुमारास इंग्लंड व वेल्समधील तीन ते पांच वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४३ मुलें सार्वजनिक प्राथमिक शाळांत होतीं. ही केवढी मोठी संख्या! म्हणजे शाळेच्या जागेंत बाळांची सोय असावी कीं नसावी हा वाद पंडितांनीं सुरू करण्यापूर्वींच मजूर आयांनीं त्याचा निकाल लावून टाकला होता. मात्र त्या बाळांसाठीं शाळेंत वेगळें असें कांहींच नव्हतें. गॅलरी म्हणून पायऱ्यापायऱ्यांचीं बांकें असत. त्यांवर तीन-तीन वर्षांचीं मुलें ओळीनें बसवून ठेवीत. पाय जमिनीला टेकत नसत. हालायचें नाहीं, बोलायचें नाहीं. एकेका बाईपुढें पन्नास-साठ मुलें. १९०५ सालीं सरकारनें स्त्री-इन्स्पेक्टर पाठवून चौकशी केली, तेव्हां ह्या प्रकाराची त्यांनीं कडक निंदा केली, आणि ती योग्यच होती. परंतु त्यावर उपाय काय निघाला? बाळांसाठीं खोली सुधारावी, बांकें काढावीं, अंगण द्यावें, हें न होतां, पांच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांना मिळाली. जागा वांचली, पैसा वांचला. दहा वर्षांत शाळेंतील बाळांचें प्रमाण निम्म्यावर आलें. तीं बाळें गेलीं कोठें? कांहीं घरीं कोंडलीं गेलीं, कांहीं शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडे चार पैसे देऊन ठेवलीं गेलीं, आणि बाकीचीं रस्त्यावर. त्यांना सांभाळण्यासाठीं कितीतरी थोरल्या बहिणींची शाळा बुडाली. त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींना तेथें ‘छोट्या आया’ म्हणत. नांव गोड, पण ज्या मुलीच्या कडेवर दिवसभर मूल असतें तिच्या हातांत पाटी कशी राहणार?

हा प्रकार केवळ विलायतेचाच होता असें नाहीं. आपल्याकडे श्रीमती ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व पुढें जवळच्या कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली शाळेंत येऊं शकत नाहींत हीच अडचण त्यांना आढळली; आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत असावी हाच मार्ग त्यांनाहि काढावा लागला. दोन देश, दोन काळ, आणि कडेवरचें मूल मात्र तेंच.

बाईंच्या कथेकडे वळूं. १९०२ च्या नव्या कायद्यानें स्कूल बोर्डें मोडलीं व त्यांचें काम नगरांच्या आणि परगण्यांच्या कौन्सिलांकडे गेलें. ह्या कौन्सिलांवर स्त्रियांना त्या वेळीं निवडून येतां येत नसे. आठ वर्षांची उमेदवारी एका कलमानें संपली. बाई ब्रॅडफर्ड सोडून बहिणीकडे केंट परगण्यांत आल्या. रेचल मधल्या काळांत आरोग्य-निरीक्षकाचें शिक्षण घेऊन तेथें नोकरीस होती. तिचा पगार दोघींच्या संसाराला पुरे, आणि मार्गारेट लिही, बोले, मंत्र्यांना व पार्लमेंटच्या सभासदांना भेटे. १९०६ सालीं गरजू मुलांना शाळेंत जेवण देण्यास परवानगी देणारा कायदा झाला, व १९०७ च्या कायद्यानें शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरली. ह्या दोन्ही कायद्यांसाठीं झटणाऱ्यांत ह्या दोघी बहिणी पुढें होत्या.

परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. डॉक्टरानें कागदावर दांत किडले आहेत असें लिहिल्यानें दांत बरा होत नाहीं. म्हणून १९०८ च्या अखेरीस, जोसेफ फेल्स नांवाच्या एका अमेरिकन साबण-कारखानदाराच्या देणगीनें, पूर्व लंडनमधील बो भागांत शाळेंतल्या मुलांसाठीं दवाखाना उघडण्यांत आला. १९१० सालीं तो थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील डेटफर्ड ह्या भागीं हलविला. डेटफर्ड त्या वेळीं अति दरिद्री. गोदी, कत्तलखाने, दाट वस्ती. दवाखाना उत्तम चाले. आणि तो चालतां चालतांच बाईंना त्यांतील फोलपणा कळूं लागला. आज ज्या मुलाची खरूज बरी करून पाठवावी तें तीन आठवड्यांनीं पुन्हां तीच खरूज घेऊन दारांत उभें. रोग बरा होई. ज्या खोलींतून रोग येई ती खोली तशीच राही. मग १९११ सालीं त्यांनीं एव्हलिन हाऊस नांवाच्या घराच्या बागेंत मुलींसाठीं रात्रींचें शिबिर काढलें. संध्याकाळीं मुली यायच्या, गरम पाण्यानें न्हायच्या, स्वच्छ कपडे घालून उघड्या हवेंत खाटांवर निजायच्या, आणि सकाळीं न्याहारी करून आपापल्या शाळेला जायच्या. शेजाऱ्यांना वाटलें कीं आतां ह्या सर्व न्युमोनियानें मरणार. त्या मेल्या नाहींत. त्यांच्या गालांवर रंग चढला.

तरीहि सहा-सात वर्षांच्या मुलांची वाकलेली हाडें सरळ होईनात. जें बिघडायचें तें शाळेंत येण्यापूर्वींच बिघडून गेलेलें असे. जन्मतः बहुतेक मुलें निकोप असतात, आणि पांचव्या वर्षीं शाळेच्या दारांत येतांना त्यांतलीं कितीतरी कायमचीं अधू झालेलीं असतात. तेव्हां खरें काम ह्या मधल्या चार वर्षांचें आहे, हें बाईंनीं ओळखलें. ह्या कामासाठीं जागा पाहिजे होती. डेटफर्डमध्यें स्टोवेज नांवाच्या गल्लींत सुमारें एक एकराचा तुकडा रिकामा पडला होता. लंडन कौंटी कौन्सिलनें तो शाळा बांधण्यासाठीं विकत घेतला होता, पण शाळा कांहीं उभी राहिली नव्हती. बाईंनीं तो मागितला. १९१४ च्या मार्च महिन्यांत कौन्सिलनें तो त्यांना दिला. भाडें नाममात्र, सालीना एक शिलिंग. अट मात्र अशी कीं, कौन्सिलला जागा हवी झाली तर एका दिवसाच्या नोटिशींत ती खालीं करावी लागेल.

ह्या अटीकडे थोडें बारकाईनें पाहूं. एक शिलिंग भाडें म्हणजे जवळजवळ दानच. त्यांत कौन्सिलचें औदार्य दिसतें. पण एका दिवसाची नोटीस म्हणजे केव्हांहि उठवूं. ही जागा शाळेची आहे, तुम्ही पाहुण्या आहां, हें त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. कौन्सिलच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ होतें. करदात्यांच्या पैशानें शाळेसाठीं म्हणून घेतलेली जमीन शाळेच्या वयाच्या नसलेल्या मुलांना कायमची कशी द्यावी? उद्यां शाळा बांधायची वेळ आली तर उत्तर कोण देणार? शिवाय बाळांची सोय झाली म्हणजे आया बेफिकीर होतील, अशी शंका त्या काळीं पुष्कळ सज्जनांच्या मनांत होती. असल्या अटीवर दुसरा कोणी असता तर त्यानें तंबू ठोकले असते, झाडें लावलीं नसतीं. ह्या दोघी बहिणींनीं झाडें लावलीं.

तेथें त्यांनीं जें उभारलें त्याला आपण शिशुशाळा म्हणूं. शाळेच्या इमारतीसारखें त्यांत कांहींच नव्हतें. मधोमध बाग, आणि कडेनें लांबट, हलक्या बांधणीच्या पडव्या. त्यांची एक बाजू बागेकडे उघडी, पाऊस-वारा आला तर तेवढ्यापुरती बंद करतां येई अशी. वयाप्रमाणें मुलांचे गट, व प्रत्येक गटाची पडवी निराळी; तिला लागून न्हाणीघर. सकाळीं आठाच्या सुमारास मुलें यायचीं. घरचे कपडे उतरवून, आंघोळ घालून, त्यांना शाळेचे स्वच्छ झगे घालीत. मग दूध व लापशी. दिवसाचा पुष्कळसा भाग बागेंत. तेथें वाळू होती, पाणी होतें, चढायला-उतरायला पायऱ्या होत्या, सुगंधी वनस्पतींचे व भाज्यांचे वाफे होते, ससे व कबुतरें होतीं. मोठे दगड, डबे, मोडक्या वस्तू ह्यांचा एक ढीगहि बाईंनीं मुद्दाम ठेवला होता. पाहुण्यांना तो गबाळेपणा वाटे; मुलांना ती बागेंतली सर्वांत आवडती जागा वाटे. दुपारीं गरम जेवण, त्यावर सखल खाटांवर झोंप, मग पुन्हां खेळ, दूध, आणि पांच-साडेपांचाला घर. म्हणजे आईचा कामाचा दिवस जितका, जवळजवळ तितकाच मुलाचा शाळेचा दिवस. अकरा ते चार अशी शाळा ठेवून कामकरी आईला मदत केली असें म्हणणें बाईंना मुळींच पसंत नव्हतें. आयांकडून दर आठवड्याला जमेल तेवढी रक्कम घेत, व त्यांच्या सभाहि शाळेंतच भरत. आया बेफिकीर होतील ही भीति खोटी ठरली. मूल रोज संध्याकाळीं स्वच्छ होऊन घरीं येऊं लागलें म्हणजे घरचें अंथरूणहि स्वच्छ असावें असें आईला वाटूं लागतें.

औपचारिक धडे नव्हते. परंतु गाणीं, गोष्टी, रंग, आपले बूट आपण घालणें, आपली ताटली आपण उचलणें, हें सारें होतें. डॉक्टरांच्या तपासणींत असें दिसून आलें कीं, ह्या बागेंत वाढून पांचव्या वर्षीं मोठ्या शाळेंत जाणारीं मुलें त्याच गल्लींतील इतर मुलांहून कितीतरी निकोप असतात. मुडदूस तर सूर्यप्रकाश, दूध व मोकळी हवा ह्यांपुढें टिकेना.

शाळा उघडून पांच महिने होतात न होतात तोंच महायुद्ध पेटलें. पुरुष रणावर गेले. बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत शिरल्या. जें काम कालपर्यंत अनावश्यक वाटत होतें तें एका रात्रींत राष्ट्रकार्य झालें, आणि कारखान्यांत जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठीं युद्धसाहित्य खात्याकडून शाळेला पैसा मिळूं लागला. (तोफेचा गोळा भरणाऱ्या आईचें मूल सरकारला दिसतें, आणि लोंकर विंचरणाऱ्या आईचें दिसत नाहीं, ही गोष्ट मौजेची खरी.) विमानहल्ल्यांचा धक्का डेटफर्डलाहि बसला. पण खरा घाव निराळाच होता. रेचल थकत चालली होती. मार्गारेटचें नांव जगांत गाजलें. परंतु पहाटे उठून चूल पेटविणें, हिशेब ठेवणें, मदतनीस मुलींना शिकविणें, बिलें फेडणें, हीं कामें रेचलचीं होतीं. तिच्याच पगारावर हा डोलारा पुष्कळ वर्षें उभा होता. २५ मार्च १९१७ रोजीं, आपल्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवशीं, ती वारली. धाकट्या बहिणीनें शाळेला तिचें नांव दिलें, आणि पुढें तिचें चरित्रहि लिहिलें. ह्या लेखाच्या मथळ्यावर दोन नांवें असतीं तर अधिक योग्य झालें असतें असें आमचें मत आहे.

१९१८ सालीं फिशरसाहेबांचा शिक्षणाचा कायदा झाला व त्यांत दोन ते पांच वर्षांच्या मुलांसाठीं शिशुशाळा काढण्यास व त्यांना मदत देण्यास स्थानिक अधिकाऱ्यांना मुभा मिळाली. तेरा वर्षांपूर्वीं बाळांना बाहेर घालविण्याची मुभा मिळाली होती. आतां त्यांना आंत घेण्याची मिळाली. मात्र दोन्ही वेळां ती मुभाच, सक्ती नव्हे. युद्धानंतर काटकसरीची कुऱ्हाड चालली तेव्हां पहिला घाव अशाच गोष्टींवर बसला, व नव्या शिशुशाळा बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. डेटफर्डची शाळा मात्र वाढत गेली. १९२१ सालीं तिच्या विस्ताराचें उद्घाटन मेरी राणीसाहेबांच्या हस्तें झालें. १९२३ सालीं शिशुशाळांचा संघ स्थापन झाला, त्याच्या पहिल्या अध्यक्ष मार्गारेटबाईच होत्या.

बाईंचा स्वभाव मऊ होता असें म्हणतां यावयाचें नाहीं. त्यांना नकार सहन होत नसे. जवळच्या सहकाऱ्यांशींहि त्यांचे खटके उडत, आणि संघांतल्या मंडळींशींहि पुढें त्यांचें पटलें नाहीं. वादाचें एक कारण शिक्षिकांचें शिक्षण. लहान मुलांना सांभाळायचें त्यांत काय शिकायचें, कोणीहि प्रेमळ मुलगी तें करील, असें पुष्कळांना वाटे. बाईंचें म्हणणें असें कीं, जितकें मूल लहान तितकी शिक्षिका अधिक शिकलेली हवी. तीन वर्षांचें शिक्षण हवें, आणि तें बाळांच्या सान्निध्यांत हवें. दुसरीकडे ज्या बाबतींत त्या हट्टी ठरल्या, जसें मोठ्याच शिशुशाळा काढाव्यात, तेथें त्यांचें म्हणणें सर्वस्वीं बरोबर होतें असें वाटत नाहीं. परंतु ज्या माणसाला एका दिवसाच्या नोटिशीवर झाडें लावायचीं असतात त्याच्या अंगीं थोडा हट्ट असावाच लागतो.

शिक्षिकांचें हें महाविद्यालय उभारण्यासाठीं लेडी ॲस्टर वगैरे धनिकांच्या साहाय्यानें त्यांनीं सत्तरीच्या घरांत असतां पैसा गोळा केला. ८ मे १९३० रोजीं मेरी राणीसाहेबांनीं तें उघडलें. त्यालाहि रेचलचेंच नांव. त्याच वर्षीं बाईंना ‘कंपॅनियन ऑफ ऑनर’ हा मोठा बहुमान मिळाला. कौन्सिलची ती एका दिवसाची नोटीस कधींच आली नाहीं. १९१४ नंतर शंभर वर्षें लोटलीं तेव्हांहि डेटफर्डच्या त्याच तुकड्यावर रेचलच्या नांवाची शिशुशाळा भरत होती.

महाविद्यालय उघडल्यावर वर्षहि पुरें झालें नाहीं. १९३१ च्या मार्च महिन्यांत, ज्या महिन्यांत रेचल जन्मली आणि गेली, त्याच महिन्यांत मार्गारेटबाईंनीं देह ठेवला. लंडनमधील ब्रॉकली येथील स्मशानभूमींत दोघी बहिणींना एकाच ठिकाणीं पुरलें आहे.